कांबळ्यात गुंडाळलेला बर्फ

मी विज्ञान शिकवायला लागले ती निव्वळ शाळेच्या अडचणीपोटी. यजमानांची कलकत्त्याला बदली होऊन तेव्हा आम्हाला दीड वर्ष झालं होतं. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात अभियंता होते. बेहालाच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. माझं शिक्षण नाशकात झालेलं, संस्कृत घेऊन बी.ए. घरापासून ट्रामच्या दोन थांब्यांवर मुलींची एक लहानशी खाजगी शाळा होती. आसपासच्या सरकारी नोकरांच्या आणि दुकानदारांच्या मुली तिथे येत. पुस्तकं इंग्रजीत, समजावणं हिंदीत, आणि मुलींची आपापसातली कुजबूज बंगालीत, असा कारभार होता. मी चौथी-पाचवीला हिंदी शिकवायची.

जानेवारीत शाळेचं वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही तोच विज्ञानाच्या बाई लग्न करून जमशेदपूरला गेल्या. आमच्या मुख्याध्यापिका साठीच्या घरात होत्या. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा. बंगाली शाळांत मुख्याध्यापिकेला मोठी ताई या अर्थाने बडदी म्हणतात, तसं त्यांनाही सगळे म्हणत. त्यांनी मला बोलावून विचारलं, पाचवीचं विज्ञान घ्याल का? मला विज्ञानातलं काही येत नाही, मॅट्रिकनंतर मी त्या पुस्तकांना हात लावलेला नाही, असं सांगायला हवं होतं. पण माझ्या शेजारी दुसऱ्या एक बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यादेखत मला येत नाही म्हणायचा मला संकोच वाटला. घेईन म्हणाले.

मग रोज दुपारी घरी येऊन दुसऱ्या दिवशी शिकवायची दोन-तीन पानं मी वाचून ठेवू लागले. तेवढीच. त्याच्या पुढची पानं मी उघडत नसे. वनस्पती झाल्या, हवा झाली, आणि एप्रिलमध्ये उष्णतेचा धडा आला.

उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी तीन तऱ्हांनी जाते, असं त्या धड्यात होतं. वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनाचा प्रयोग पुस्तकात चित्रासकट दिला होता. मी घरून स्वेटर विणायची लोखंडी सुई नेली. तिच्यावर मेणाचे ठिपके देऊन पाच टाचण्या चिकटवल्या आणि सुईचं एक टोक मेणबत्तीवर धरलं. खाली एनॅमलची थाळी. थोड्या वेळाने ज्योतीजवळची टाचणी थाळीत पडली. मग तिच्या पलीकडची. मुली बाकांवरून उठून टेबलाभोवती जमल्या आणि प्रत्येक टाचणी पडली की एका सुरात मोजू लागल्या, एक, दुई, तीन. पाचवी पडली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या एकुलत्या एक चंचुपात्रात पाणी घेऊन चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला आणि खाली स्टोव्ह लावला. भुसा तळातून वर येई आणि कडेने पुन्हा खाली जाई. मुली त्याच्यापुढून हलेनात. आधीच्या दीदीमणींनी, म्हणजे बाईंनी, असं काही दाखवलं नव्हतं, असं एकीने सांगितलंही.

मला ते फार गोड लागलं. मला वाटू लागलं की विज्ञानात एवढं काही अवघड नसतं आणि आपल्याला ते जमतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या मते या समजुतीतच होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी उष्णतेच्या मंदवाहकांवर आले. लाकूड, कापड, लोकर. पान संपता संपता वाक्य होतं, थंडीत लोकरीचे कपडे आपल्याला उबदार ठेवतात. माझी तयारी तिथपर्यंतच होती. तास संपायला वीस मिनिटं उरली होती. वीज गेलेली, वरचा पंखा थांबलेला, मुली वहीने वारा घेत होत्या. वेळ भरून काढायला मी स्वतःच्या मनाने बोलू लागले. लोकर गरम असते, म्हणून ती आपल्याला उष्णता देते. रग घेतली की तिची उष्णता आपल्या अंगात येते. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि मुलींनी वहीत उतरवून घेतलं.

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर झाला. ती मुलगी सहसा बोलत नसे. किरकोळ अंगाची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. तिच्या वह्यांची पानं कायम दमट असत आणि कोपरे फुगलेले. त्यावरून मी तिला दोनदा बोलले होते. तिच्या वडिलांची बाजाराजवळ बर्फाची वखार होती, एवढं मला माहीत होतं, कारण वर्गात तिचा उल्लेख बर्फवाल्याची मुलगी असाच होई.

ती उभी राहून हिंदीत म्हणाली, "दीदीमणी, आमच्याकडे बर्फ कांबळ्यात गुंडाळून ठेवतात."

दोघी-तिघी खुदकन हसल्या. मी विचार करायला थांबले असते तर बरं झालं असतं. पण हशा सुरू झालाच होता, आणि तो आपल्या हातात घ्यावा असं मला वाटलं.

"का गं," मी म्हणाले, "तुमच्या बर्फाला थंडी वाजते का?"

सगळा वर्ग हसला. त्या उकाड्यात मरगळलेल्या मुली पोट धरून हसल्या आणि मीही हसले. हसू ओसरल्यावर ती तशीच उभी होती. हलक्या आवाजात ती म्हणाली की कांबळ्यात बर्फ वितळत नाही, उघडा ठेवला तर वितळतो.

मला ते उलट उत्तर वाटलं. मी तिच्याकडे न बघता वर्गाला विचारलं, लोकर आपल्याला काय देते? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, उष्णता. उष्णतेने बर्फाचं काय होतं? वितळतो. मग कांबळ्यात ठेवलेल्या बर्फाचं काय होईल? वितळेल. मी तिच्याकडे वळले आणि विचारलं, आता सांग.

"पण आमच्याकडे वितळत नाही," ती म्हणाली.

घंटा होईपर्यंत उभी राहा आणि विचार कर, असं मी तिला सांगितलं. ती उभी राहिली. रडली नाही, खाली मानही घातली नाही. फळ्यावरच्या त्या वाक्याकडे बघत राहिली. मला वाटतं, मी सांगितल्याप्रमाणे ती खरंच विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ओसरीवरून जाताना मी ऐकलं, मुली तिला कंबल म्हणून हाका मारत होत्या. मी ऐकलं आणि तशीच पुढे गेले. तोंडावर थोडं हसूही आलं असावं.

संध्याकाळी चहा घेताना मी यजमानांना ही गंमत सांगितली. थंडी वाजते का, हे मी कसं म्हणाले, तेही हावभाव करून सांगितलं. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, ती पोरगी बरोबर सांगत होती."

मी त्यांना म्हणाले की पाचवीच्या पुस्तकात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनी शांतपणे समजावायला सुरुवात केली. लोकर स्वतः कुणाला उष्णता देत नाही. तिच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि त्या हवेतून उष्णता सहज जात नाही. आपल्या अंगातली बाहेर जात नाही, तशीच बाहेरची बर्फापर्यंत पोचत नाही. मला ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच मी जास्त चिडले. पिशवीतून पुस्तक काढून मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं आणि पान उलटलं.

पाठीमागच्या पानावर पहिलंच वाक्य होतं की लोकर स्वतः गरम नसते. त्याच्याखाली छोट्या चौकटीत बर्फाचं उदाहरण होतं. गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात बर्फ का ठेवतात, ते चार ओळींत सांगितलं होतं.

 यजमानांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी कपबशा विसळायला आत गेले. पुस्तकाची चूक असती तर मला तिच्याआड लपता आलं असतं. तीही सोय राहिली नव्हती. मी एक पान पुढे वाचलं नव्हतं, आणि ते पान त्या मुलीला पुस्तक न उघडताच येत होतं.

उद्या वर्गात जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी भिंतींवरच्या घोषणांवरून कुठेतरी मारामारी झाली आणि शाळा लवकर सोडली. त्या दिवसांत असं नेहमी व्हायचं. मला सुटल्यासारखं झालं. मग रविवार आला.

रविवारी आमच्याकडे यजमानांच्या ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं जेवायला यायची होती. मी कैरीचं पन्हं केलं होतं आणि त्यात घालायला बर्फ हवा होता. आमच्याकडे फ्रीज नव्हता. मी सकाळी दहाच्या सुमाराला बाजारात गेले. मासळीबाजाराच्या मागे बर्फाची वखार एकच होती. ती कुणाची हे मला कळत होतं, आणि त्या वेळी मुलगी तिथे नसेल अशा आशेवर मी गेले.

ती होती. वखारीत उंबऱ्याशी एका उलट्या पेटीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. खाली सगळीकडे पाणी, ओलं गोणपाट, भुसा. तिच्या वहीची पानं दमट का असतात ते मला तेव्हा दिसलं. मला बघून ती उठली आणि आत वडिलांना जाऊन सांगून आली.

वडील लुंगी सावरत बाहेर आले. उंच, सावळे, हात पाण्याने पांढरे पडलेले. शाळेतल्या बाई आपल्या दारात आल्या याचं त्यांना काय करू नि काय नको झालं. बंगाली-हिंदी मिसळून ते म्हणाले की मुलगी तुमच्याबद्दल घरी रोज सांगते. तुम्ही सुईवरून टाचण्या पाडून दाखवल्यात ना, तो खेळ तिने आम्हा सगळ्यांना करून दाखवला. तिच्या आजीने तर तीनदा करायला लावला. मी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी तिला उभं केल्याचं, वर्ग हसल्याचं तिने घरी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी कोपऱ्यातल्या ढिगावरचं गोणपाट काढलं, मग त्याखालचं जुनं काळं कांबळं बाजूला केलं. आत बर्फाची लादी होती, कडा धारदार, कोरडी वाटावी इतकी अखंड. ती पहाटे चार वाजता आलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. टोच्याने मोठा तुकडा फोडून त्यांनी तो कांबळ्याच्याच एका फाटक्या तुकड्यात बांधला. मी पैसे काढले तर दोन्ही हात जोडून नाही म्हणाले. "घरी जाईपर्यंत सोडू नका, दीदीमणी," ते म्हणाले. "असाच्या असा पोचेल."

एप्रिलच्या उन्हात वीस मिनिटं चालत मी तो घरी आणला. असाच्या असा पोचला. पन्ह्यापुरता फोडून घेतल्यावर उरलेल्याचे मी दोन सारखे तुकडे केले. एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताटलीत उघडा ठेवला, दुसरा त्या फडक्यात गुंडाळून शेजारी. पाहुणे आले, गेले. तीनच्या सुमाराला ताटलीत नुसतं पाणी होतं. फडकं उघडलं तर आतला तुकडा मुठीएवढा शिल्लक होता. तो हातात धरून मी ओट्याशी उभी राहिले. यजमानांनी समजावलं तेव्हा मला राग आला होता, पान उलटलं तेव्हा मी वरमले होते. आता मात्र माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी उभी होती, फळ्याकडे बघत, आपल्या घरातली रोजची गोष्ट खोटी कशी ठरली याचा विचार करत.

सोमवारी मी सांगितलं नाही.

कारण सांगायला गेले तर हसू येईल असं आहे. मी वर्गात शिरले, मुली उठून उभ्या राहिल्या, नेहमीपेक्षा मोठ्याने त्यांनी नमस्कार म्हटला, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, दीदीमणी, आज कोणता प्रयोग? त्या अडतीस चेहऱ्यांपुढे मला चुकलेली बाई ठरायचं नव्हतं. मी प्रारण शिकवलं. मेणबत्तीच्या बाजूला तळवे धरायला लावले. खिडकीजवळच्या बाकावरून कुणी हात वर केला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टीनंतर मुली सगळं विसरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या कंबल हे नाव विसरल्या नव्हत्या.

सहामाहीचा पेपर बडदींनी पुस्तकातल्या स्वाध्यायांतून काढला होता. त्यात प्रश्न होता, थंडीत आपण लोकरीचे कपडे का वापरतो? उत्तरपत्रिका तपासायला मी घरी आणल्या. पहिल्या मुलीने लिहिलं होतं, लोकर गरम असते आणि ती आपल्याला उष्णता देते. दुसरीनेही तेच लिहिलं होतं. दहाव्या पेपरानंतर मी फक्त तो एकच प्रश्न बघत गेले. अडतीसच्या अडतीस जणींनी माझं वाक्य, मी फळ्यावर लिहिलं तसं, शब्दन् शब्द उतरवलं होतं. एकीनेही पान उलटून पाहिलं नव्हतं. त्यांनी का पाहावं? बाईंनी सांगितलं होतं.

तिचा पेपर मधेच कुठेतरी होता, घरून आणलेल्या कागदावर. कोपरे फुगलेले. अक्षर सुवाच्य. तिनेही तेच लिहिलं होतं.

मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. दुसरं काय करता आलं असतं ते मला आजही कळत नाही.

पेपर वाटल्याच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला होता. तुमच्याकडे बर्फ कशात ठेवतात, असं मी विचारलं. तिला वाटलं मी पुन्हा काहीतरी काढतेय. ती म्हणाली, कांबळ्यात. मग पेपरात असं का लिहिलंस, मी विचारलं.

"ते घरचं, दीदीमणी," ती म्हणाली. "हे परीक्षेचं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दहा वर्षांच्या मुलीने जगाची नीट वाटणी करून ठेवली होती, आणि ती मी तिला शिकवली होती. मी तिला सांगितलं की तू बरोबर होतीस, चुकले मी. ती ऐकत राहिली. मला वाटलं तिला आनंद होईल. तिने विचारलं, "सगळ्यांना सांगाल?"

हो, मी म्हणाले. उद्याच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, पण कसं सांगितलं ते इथे लिहायला हवं. मी वर्गाला म्हणाले की लोकरीबद्दल मागे आपण पाहिलं होतं ते थोडं अपुरं राहिलं होतं, आज ते पूर्ण करू. पुस्तकाचं ते पुढचं पान उघडायला लावलं. लोकर स्वतः गरम नसते, हे वाक्य वाचून घेतलं. बर्फाची चौकट वाचून घेतली. मुलींनी मान डोलावून वहीत लिहिलं. अपुरं राहिलं, असं मी म्हणाले. चुकलं हा शब्द तोंडातून निघाला नाही. तिचं नाव तर मी घेतलंच नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी बर्फाची चौकट वाचताना कंबल असं पुटपुटली आणि दोघी हसल्या. मी डस्टर टेबलावर आपटून शांत राहा म्हणाले. तेवढंच.

खिडकीजवळच्या बाकावरून ती माझ्याकडे बघत होती. मी वाक्य संपवलं तेव्हा तिने मान खाली घालून बाकीच्यांसारखं लिहायला सुरुवात केली. तिचा हिरमोड झाला असं म्हणता येणार नाही. याहून जास्तीची तिची अपेक्षाच नसावी, असं वाटलं, आणि ते मला जास्त लागलं.

जानेवारीत नवं वर्ष सुरू झालं तेव्हा सहावीच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं. बडदींकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, वडिलांनी तिला घराजवळच्या बंगाली शाळेत घातलं. मुलगी शाळेत यायला तयार नव्हती म्हणे. बाकीच्या पोरी कंबल म्हणून चिडवायच्या. बडदी चष्मा पुसत म्हणाल्या, "कुठून शोधून काढतात असली नावं, देव जाणे."

मी म्हणाले, हो ना. आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेले.

ते दोन शब्द मला त्या एप्रिलमधल्या सगळ्या प्रकाराहून अधिक डाचत राहिले. तेव्हा मी अजाणतेपणी बोलले होते, असं निदान म्हणता तरी येई. या वेळी मला सगळं ठाऊक होतं. आठवडाभर मी शाळेत बडदींच्या समोर जायचं टाळत होते. घरी यजमानांनी एकदा विचारलं, बरं नाही का? मी त्यांना सांगितलं. त्यांनी सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर शाळेपर्यंत येऊ का, एवढंच विचारलं. मी नको म्हणाले.

बडदींच्या खोलीत जाऊन मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पान न उलटल्यापासून हो ना म्हटल्यापर्यंत. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, की हे मला का सांगता?  त्या म्हणाल्या, "मला सांगून तुमचं मन हलकं होईल. त्या मुलीचं नाव काही बदलणार नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुढची फाइल ओढली आणि मी बाहेर आले.

त्याच संध्याकाळी, शाळा सुटल्यावर सरळ, मी बर्फाच्या वखारीत गेले. वडील दोन माणसांबरोबर ठेल्यावरून लाद्या उतरवून घेत होते. मुलगी पेटीवर बसली होती, नव्या शाळेच्या निळ्या काठाच्या साडीत. बंगाली शाळांत थोड्या मोठ्या मुली साडी नेसून जातात. तिच्या अंगावर ती फारच मोठी दिसत होती. मी मोडक्यातोडक्या बंगालीत, वाटेत मनाशी जुळवलेली वाक्यं, तिच्या वडिलांना आणि त्या दोन माणसांना ऐकू जातील अशी बोलले. तुमची मुलगी वर्गात खरं बोलली होती. मला ते येत नव्हतं. मी तिची चेष्टा केली, म्हणून पोरींनी तिला ते नाव ठेवलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

क्रियापदं चुकली असणार, कारण ठेल्यावरचा एक माणूस दुसऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. वडिलांना आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा ते माझ्याहून जास्त अवघडले. असं होतं दीदीमणी, मुलं आहेत, असं काहीसं म्हणत त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मला तो नको होता, पण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बर्फाच्या थंडाव्यात उभी राहून मी तो प्याले. मुलीकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी मी तिला विचारलं, नव्या शाळेत उष्णतेचा धडा आला का?

अजून नाही, ती म्हणाली.

आला की बर्फाचं सांगशील ना, मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "विचारलं तर," ती म्हणाली, आणि वहीत लिहू लागली.

कलकत्त्यात आम्ही त्यानंतर आणखी चार वर्षं होतो. पाचवीचं विज्ञान माझ्याकडेच राहिलं. मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. यजमानांकडून समजून घेतलं, आणि दर वर्षी उष्णतेच्या धड्याला बर्फाचे दोन तुकडे नेऊन एक ताटलीत आणि एक कांबळ्याच्या तुकड्यात ठेवला. मुलींना तो प्रयोग टाचण्यांपेक्षाही आवडे. प्रयोग संपला की मी त्यांना गोष्ट सांगत असे. एका शाळेत एक बाई होत्या, त्यांना हे माहीत नव्हतं, आणि एका मुलीने बरोबर सांगितलं तर त्यांनी तिला उभं केलं. मुली विचारत, मग त्या बाईंचं काय झालं? मी सांगे, त्यांनी माफी मागितली.

चारही वर्षं मी ती गोष्ट दुसऱ्या कुणा बाईची म्हणूनच सांगितली.